कॅमेरा दिवसा चालतो, रात्री बंद पडतो? आधी सप्लाय बघा

जुने ॲनालॉग सीसीटीव्ही कॅमेरे काढून टाका आणि सगळं आयपी (म्हणजे नेटवर्कवर चालणारं) करून घ्या, असा सल्ला आजकाल कुणीही देतं, आणि देणारा बहुतेक वेळा नवीन कॅमेरे विकणाराच असतो. बिल्डिंगच्या डक्टमधून एकदा कोॲक्स (चित्र नेणारी केबल) ओढलेली आहे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) चालू आहे, गेटवर कोण आलं कोण गेलं एवढंच बघायचंय, तर ते जुने डोम न् बुलेट कॅमेरे अजून बरीच वर्षं कामाला येतात. आमच्या सोसायटीत ही भानगड माझ्याच गळ्यात आहे (कमिटीत मल्टिमीटर धरता येणारा एकच, मग काय होणार) आणि "कॅमेरा गेला" म्हणून ज्या तक्रारी येतात त्यात खरोखर गेलेला कॅमेरा क्वचितच निघतो. त्याच्यापर्यंत करंटच धड पोचत नसतो.

नेहमीचं लक्षण म्हणजे दिवसा चित्र एकदम क्लिअर, आणि अंधार पडला की स्क्रीन काळी, किंवा चित्र येतंय जातंय येतंय जातंय, आणि कॅमेऱ्याखाली उभं राहिलं की आतून टक टक ऐकू येतं. होतं असं की दिवसा कॅमेरा साधारण १००-१५० मिलीअँपिअर खातो, पण रात्री त्याचे आयआर एलईडी (अंधारात बघायला लागणारे इन्फ्रारेड दिवे) लागले की तोच ४००-५०० वर जातो. वायर बारीक आणि लांब असेल तर एवढ्या करंटला मधेच व्होल्टेज पडतं, कॅमेरा रिसेट होतो, रिसेट झाला की आयआर विझतात, मग व्होल्टेज परत वर येतं, कॅमेरा परत चालू, परत आयआर, परत धप्प. रात्रभर हेच. टक टक आवाज आतल्या आयआर फिल्टरचा (लेन्समागची काच), आयआर लागले-विझले की तो दर वेळी सरकतो ना.

आकडेच बघा. २४ गेजच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ८४ ओहमच्या आसपास. कॅमेरा ३० मीटरवर असेल तर करंट जाऊन परत येतो म्हणून ६० मीटर धरायचे, म्हणजे झाले ५ ओहम. रात्रीचे ४०० मिलीअँपिअर त्यातून गेले की २ व्होल्ट वायरीतच संपले, एसएमपीएसमधून (सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा सप्लायचा डबा) १२ निघाले आणि कॅमेऱ्याला १० मिळाले. जुन्या कॅमेऱ्यांना बहुतेक १२ च्या वर-खाली १० टक्केच चालतं, म्हणजे १०.८ पर्यंत. आणि हे चांगल्या तांब्याचं गणित झालं. बाजारात स्वस्तातली थ्री प्लस वन केबल (एक कोॲक्स आणि सोबत तीन बारीक तारा) मिळते तिच्या पॉवरच्या तारा पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेल्या असतात, त्यात ड्रॉप दीडपटीच्या पुढे. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की समजा.

चेक करताना लोक हमखास चुकतात ते सांगतो. कॅमेऱ्याची पिन काढतात, मीटर लावतात, १२ दिसतात, आणि "सप्लाय तर ओके आहे साहेब" म्हणून कॅमेऱ्यावर शिक्का मारून मोकळे. अहो, पिन काढली म्हणजे करंटच वाहत नाही, मग ड्रॉप दिसणार कसा? कॅमेरा जोडलेला ठेवूनच मोजायचं, स्क्रूवाला हिरवा डीसी कनेक्टर असेल तर त्याच्या स्क्रूंवर प्रोब टेकवायचे. रात्री शिडीवर चढायची गरज नाही, भर दुपारी कॅमेऱ्याचं तोंड जाड काळ्या कापडाने झाका, आयआर लागतात.

ड्रॉप सापडला की पहिला फुकटचा उपाय, थ्री प्लस वनमधली तिसरी तार ऑडिओसाठी वापरात नसेल तर दोन्ही टोकांना निगेटिव्हबरोबर जोडून टाका, पाव हिस्सा ड्रॉप तिथेच कमी होतो. दुसरा, एसएमपीएसवर व्ही-एडीजे लिहिलेला छोटा स्क्रू असतो तो थोडा फिरवून १२.५-१३ करता येतात, पण मग जवळच्या कॅमेऱ्यालाही तेवढेच जाणार, म्हणून जपून. फारच लांबचा कॅमेरा असेल तर तेवढ्यापुरता वेगळा २४ व्होल्ट डीसी सप्लाय पाठवून कॅमेऱ्याजवळ छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारं सर्किट) लावायचा, करंट जवळपास निम्मा होतो आणि वायरीत दोन व्होल्ट पडले तरी फरक पडत नाही. फक्त कॅमेरा जोडायच्या आधी कन्व्हर्टरचं आउटपुट १२ वर सेट करा, नंतर नाही!

अडॅप्टरबद्दल शेजारच्या काकांपासून सगळ्यांना एकच भीती, ५ अँपिअरचा लावला तर कॅमेरा जळेल. नाही जळत. पंगतीत वाढपी पातेलंभर भात घेऊन आला म्हणून आपण पातेलंभर खातो का, कॅमेरा लागेल तेवढाच करंट घेतो. जळतो तो व्होल्टेज चुकल्याने किंवा प्लस-मायनस उलटं झाल्याने. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर चालतो (काही ९ चे असतात, लेबल वाचा), लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चालत नाही. पिन ५.५ बाय २.१ ची, आतला पॉइंट प्लस. ५.५ बाय २.५ ची पिनसुद्धा बसते, पण ढिली, आणि मग वारा आला की कॅमेरा बंद.

बँका वगैरेंतून निघालेले जुने बॉक्स कॅमेरे कुणी स्वस्तात देत असेल तर मागचं लेबल आधी बघा. त्यातले बरेच २४ व्होल्ट एसीचे असतात, त्यांना ट्रान्सफॉर्मर लागतो, १२ व्होल्ट डीसीवर ते चालू होत नाहीत. त्यांचा ट्रान्सफॉर्मर आपल्या १२ वाल्याला लावला तर मात्र कॅमेरा गेलाच. लेबलवर दोन्ही लिहिलेलं असेल तर काहीच प्रश्न नाही, बिनधास्त घ्या.

शेतावर कॅमेरा लावणारे काही जण थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडतात. ती बॅटरी चार्जिंगला असताना १४ च्या वर जाते आणि उतरली की १०.५ वर येते, त्यामुळे मधे १२ व्होल्ट स्थिर देणारं कन्व्हर्टर टाकाच, ते वर-खाली दोन्हीकडून सांभाळणारं घ्या, नुसतं खाली आणणारं तिथे पुरत नाही.