गल्लीत दुसरी तार येईपर्यंत

अमळनेरला आमच्या गल्लीत २०२१ पर्यंत इंटरनेटची एकच तार होती आणि ती टीव्ही केबलच्या धंद्यातून पुढे आलेल्या एका स्थानिक चालकाची होती. ४० एमबीपीएसच्या जोडणीसाठी महिन्याला ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, असा त्याचा हिशेब होता. मुलीचे वर्ग ऑनलाइन चालत त्या काळात रात्री आठनंतर वेग पाचावर येई. तक्रार करायची तर कशाच्या आधारावर, हा प्रश्नच होता. कारण ब्रॉडबँडचे दर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, ठरवून देत नाही आणि तेव्हाच्या व्याख्येनुसार ५१२ केबीपीएस, म्हणजे जेमतेम अर्धा एमबीपीएस, मिळाले तरी ते ब्रॉडबँडच ठरे. ही मर्यादा २ एमबीपीएसवर गेली ती जानेवारी २०२३ मध्ये.

म्हणून मी एका मोठ्या कंपनीकडे अर्ज केला. पिनकोड टाकताच ‘सेवा उपलब्ध’ असे उत्तर आले. पण पिनकोडमध्ये अर्धे गाव मावते, तार मात्र एखाद्या खांबापाशीच संपलेली असते, हे मला लाइनमन आल्यावर कळले. त्याने शिडी लावून, जिथून घरोघरी तारा जातात तो खांबावरचा डबा उघडला आणि वरूनच म्हणाला, “सर, डबामा जागाच नही शे.” आठच्या आठ जागा पलीकडच्या गल्लीने घेतल्या होत्या. एका घरासाठी नवा डबा मंजूर होत नाही, दहाएक घरे असली तर वर कळवतो, असेही त्याने जाता जाता सांगितले. मी आठवडाभर संध्याकाळी दारोदार फिरून अकरा नावे गोळा केली. त्यातल्या निम्म्या लोकांचे आगाऊ पैसे जुन्या चालकाकडे अडकलेले असल्याने त्यांची समजूत काढण्यातच खरा वेळ गेला. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, घरच्या इंटरनेटला मात्र तार आणि डबा दोन्ही नवे घ्यावे लागतात, ही धास्तीही होतीच.

चार महिन्यांनी डबा बसला. त्याच आठवड्यात जुना चालक, जो एरवी फोनही उचलत नसे, स्वतः घरी आला आणि १०० एमबीपीएस ५५० रुपयांत, तेही महिन्याच्या महिन्याला, देऊ लागला. उपकरणे तीच, माणूसही तोच! मी तरीही नवी जोडणी घेतली, शेजाऱ्यांपैकी चौघे मात्र जुन्याकडेच स्वस्तात राहिले. पुढे धुळे रस्त्याच्या खोदकामात दोन्ही जोडण्या एकाच क्षणी बंद पडल्या, तेव्हा गावाबाहेर दोघांच्या तारा एकाच चरातून येतात हेही समजले.

माझा शालक मागच्याच गल्लीत राहतो आणि त्याच चालकाला आजही ७०० रुपये देतो, कारण तिकडे दुसरा डबा नाही. त्याच्या यादीत सध्या सात नावे आहेत.