आबा वारीला आले तेव्हा

वारीत कुणीही कुणाच्याही पाया पडतं, माउली म्हणतं आणि पुढं चालायला लागतं, लहानमोठं काही नाही. आमच्या आबांना नेमकं तेच सहन होत नाही, पायाला कुणाचा हात लागला की ते झटकन मागं सरतात, घरात नातवंडंपण लांबूनच नमस्कार करतात. तरी यंदा स्वतःहून म्हणाले, लोणंदपासून चालू.

71 च्या लढाईत आबा तोफखान्यात होते, जम्मूकडं छांबला मुनव्वर तवी नदीच्या पलीकडं पकडले गेले, मग जवळजवळ वर्षभर पाकिस्तानात कैदेत, 1 डिसेंबर 1972 ला वाघा सीमेवरून परत आले. घरी यावर कधी बोलणं नाही. सकाळी पालखी निघायच्या आधी कर्णा वाजतो ना, पहिल्याच दिवशी तो वाजल्याबरोबर आबा वळकटीशेजारी ताठ उभे, हात मांडीला चिकटवून, मी दोनदा हाक मारली तरी हलेनात. नंतर म्हणाले, गिनतीची वाट बघत होतो.

तरडगावला समाजआरती बघितली. चोपदारांनी हातातला दंड वर केला की सगळे टाळ थांबतात, पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात आणि मगच आरती. आबांना हे फार आवडलं, दोनदा विचारलं, खरंच जाऊन ऐकतात काय रे? आणि त्याच रात्री तंबूत बोलायला लागले. चौकशीत तळपायावर मारायचे. मारणाऱ्या हवालदाराचा धाकटा भाऊ ढाक्याला होता, आपल्याकडं जे 93,000 कैदी आले त्यातला एक, त्याचं पत्र आलं नाही की त्या दिवशी यांची पाळी. "त्याला मी कधीच सोडून दिला, त्याच्या जागी मी असतो तर माझंपण डोकं फिरलं असतं. पण पायांना हे कोण सांगणार?"

फलटणला दिंडीतले एक जण म्हणाले, माफ करून टाका माउली, मोकळं वाटेल. मनानं चांगले आहेत ते, पण मला राग आला. माणसानं माफ करून इतकी वर्षं झाली आणि तरी रात्री तंबूत कुणी बॅटरी फिरवली की तो उठून बसतो, याला काय म्हणायचं? माफी दिली म्हणून झोप लागतेच असं नाही हो.

नातेपुत्याला पोरं वारकऱ्यांचे पाय तेलानं चोळत होती. आबांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत, उलट खाली मांडी घालून एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा पाय मांडीवर घेतला. टाचेपासून अंगठा कसा वर न्यायचा, भेगा वाचवून कुठं दाबायचं हे त्या पोरांना दाखवत होते, इतके सराईत हात की मी विचारलंच, कुठं शिकलात? "कॅम्पात. रात्री एकमेकांचे चोळायचो, दुसऱ्या दिवशी उभं राहता यावं म्हणून."

मग वाखरीपर्यंत रोज मुक्कामाला तेच काम. स्वतःच्या पायाला मात्र अजून कुणाला हात लावू देत नाहीत, आणि आम्ही कुणी आग्रह करत नाही. पुढच्या वर्षी तेल आपलं घ्यायचं म्हणतात, घाण्यावरचं तिळाचं, डबा मी आणायचाय.