स्तनतपासणीची यादी चालती ठेवताना: सोलापुरातल्या दवाखान्यांतला अनुभव

लहान दवाखान्यांना स्तनतपासणीची यादी (कोणत्या बाईची तपासणी कधी, याची) लावून देताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? कोणतंच नको. एक्सेलची एक शीट आणि दर सोमवारी ती उघडणारी एक सिस्टर, एवढ्यावर भागतं.

आधी डॉक्टरांकडून नियम लिहून घ्यायचा, नाहीतर प्रत्येक बाईला वेगळी तारीख मिळते. सरकारी कार्यक्रमाच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची हाताने तपासणी दर ५ वर्षांनी आहे. सरसकट मॅमोग्राफी (स्तनाचा खास एक्स-रे) नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयासाठी दर २ वर्षांनी मॅमोग्राफी सांगितली. टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी दर २ वर्षांनी हाताने तपासल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. तेव्हा मॅमोग्राफी न परवडणारीला यादीतून काढू नये, तिच्यासाठी वेगळा रकाना करावा. गाठ लागतेय, बोंड आत ओढलंय, रक्त येतंय अशी बाई मात्र या यादीची नव्हेच. तिची तारीख बघत बसायचं नाही, लगेच पुढे पाठवायचं.

रकाने थोडेच ठेवतो. वयाऐवजी जन्मसाल, कारण लिहिलेलं वय पुढच्या वर्षी खोटं ठरतं. फाइल नंबर, कारण एकाच गल्लीत तीन लक्ष्मी असतात आणि रिपोर्टवर कधी माहेरचं नाव येतं. भाषा: मराठी, तेलुगू, कन्नड की उर्दू. फोन कुणाचा, आणि त्या फोनवर कारण बोललेलं चालेल का. फोन बऱ्याचदा मुलाचा किंवा नवऱ्याचा निघतो, म्हणून मेसेज एवढाच: ‘तपासणीची तारीख आली आहे, दवाखान्यात फोन करा.’

मागची तारीख तोंडी घेऊ नये. ‘मागच्याच वर्षी केली’ म्हणतात आणि कागद तीन वर्षांपूर्वीचा निघतो. ‘छातीचा फोटो काढलाय’ म्हणाल्या तर बहुतेक वेळा तो साधा एक्स-रे असतो. रिपोर्ट बघूनच रकाना भरायचा.

नियम दर २ वर्षांचा असेल तर पुढची तारीख एक्सेलच्या ईडेट (EDATE) या सूत्राने २४ महिने पुढे टाकता येते. इथे एक खोड आहे. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर असेल तर ०५/०३ म्हणजे ५ मार्च न धरता तो ३ मे धरतो, आणि १८/०३ तर त्याला तारीखच वाटत नाही. अशा नोंदी गाळणीतून (फिल्टरमधून) गुपचूप निसटतात, कुणाला पत्ता लागत नाही. महिना इंग्रजी अक्षरांत आणि वर्षासकट लिहायचा, 5-Mar-2024 असा, म्हणजे गोंधळ मिटतो.

फोनची वेळ महत्त्वाची. विडी वळणाऱ्या बायकांना मजुरी हजारावर मिळते, अर्धा दिवस गेला की तेवढी कमी होते. सकाळी माल देण्याच्या घाईत फोन उचललाच जात नाही, दुपारनंतर करा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत तारखा देऊच नका. पाळी चालू असलेल्यांना पाळीनंतरचा आठवडा द्यायचा, दुखतं कमी. त्या दिवशी पावडर, डिओ लावायचा नाही (काखेतली पावडर फिल्मवर कॅल्शियमच्या खड्यांसारखी दिसू शकते) आणि जुन्या फिल्म बरोबर आणायच्या, हे फोनवरच सांगावं. पण दहा फोनांपेक्षा, बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या बाईला डॉक्टरांनी समोरासमोर सांगितलेलं जास्त लागू पडतं. त्यासाठी केसपेपरवर लाल ठिपका पुरतो.

खरी गळती रिपोर्ट आल्यावर होते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा (निष्कर्षाच्या ठरलेल्या श्रेणीचा) आकडा असतो, ० ते ६. काउंटरवर ‘०’ बघून ‘शून्य, म्हणजे काही नाही निघालं’ असं सांगून पाठवलेलं ऐकलंय. शून्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी. १ आणि २ ला पुढची नेहमीची तारीख. ३ ला साधारण ६ महिन्यांनी पुन्हा. सूत्र इथे डोळे झाकून २४ महिने टाकतं, म्हणून ही तारीख हातानेच घालावी. ४ आणि ५ ला बायोप्सी (तुकडा काढून तपासणी). ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला. ती बाई उपचाराच्या रजिस्टरात.

म्हणून ‘पाठवलं’, ‘झाली’ आणि ‘रिपोर्ट आला’ हे तीन रकाने वेगळे लागतात. चिठ्ठीवर फाइल नंबर ठळक लिहिला आणि तोच रिपोर्टवर घ्यायला मॅमोग्राफी सेंटरला सांगितलं की जुळवणी सोपी जाते. पाठवून ३ आठवडे झाले आणि रिपोर्ट नाही, तर सिस्टरने सेंटरला फोन करायचा. बाईला विचारत बसायचं नाही, कारण ‘काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक असेल’ हेच उत्तर येतं. बायोप्सी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात होवो की शहरात, तिचा निकाल फाइलला लागेपर्यंत ती ओळ उघडीच राहते. ‘नको’ म्हणालेल्यांची ओळही खोडू नये. तारीख टाकून ‘नको म्हणाल्या’ लिहायचं आणि वर्षाने पुन्हा विचारायचं.