बेरीज २२ आली म्हणून प्लॅनर बरोबर आहे असं नाही

एनईपी (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) आल्यापासून पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांमध्ये मुलांकडे प्लॅनर म्हणून एक एक्सेल शीट फिरत असते. कुठल्या सेमिस्टरला कोणते विषय, कशाचे किती क्रेडिट, ओपन इलेक्टिव्ह कधी, सगळं त्यात. बहुधा ती सीनियरकडून आलेली असते आणि दरवर्षी कोणीतरी त्यात ओळी वाढवतं. ही शीट एरर दाखवते तेव्हा काळजी नसते, कारण चूक समोर दिसते. ती निमूटपणे चुकीचा आकडा दाखवते तेव्हा खरी काळजी करायची. म्हणून दुरुस्ती करताना फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी तो ज्या माहितीवर चालतो ती साफ करावी. उलट क्रमाने गेलं तर बरोबर फॉर्म्युलाही चुकीचा वाटू लागतो आणि लोक तोच मोडून ठेवतात.

आधी विषयांची यादी बघा. विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचे आणि २०२४ पॅटर्नचे विषय एकाच टॅबमध्ये मिसळलेले असतील तर ते वेगळे करा. नाव सारखं असलं तरी कोड आणि क्रेडिट वेगळे असू शकतात. स्वायत्त कॉलेजांचे कोड तर विद्यापीठाच्या कोडांहून निराळेच असतात. ओळख नेहमी कोडवरून पटवावी, नावावरून नाही. ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ आणि ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हे आपल्याला एकच, पण एक्सेलच्या लेखी ते दोन विषय.

कोडमध्येही एक छुपी अडचण असते. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधून किंवा वेबसाइटवरून कॉपी केलं की शेवटी एखादी स्पेस चिकटून येते. ट्रिमने साधी स्पेस जाते, पण वेबवरून येणारी न तुटणारी स्पेस, म्हणजे कॅरॅक्टर १६०, तशीच राहते. आधी सबस्टिट्यूट वापरून कॅर १६० च्या जागी साधी स्पेस घाला, मग त्यावर ट्रिम लावा. लेन फंक्शनने कोडची लांबी मोजली की गडबड लगेच कळते: सात अक्षरांच्या कोडची लांबी आठ आली, तर आठवं अक्षर म्हणजे ही स्पेसच.

आता क्रेडिटचा कॉलम. पीडीएफमधून आलेला ४ हा बऱ्याचदा संख्या नसतो, मजकूर असतो. सम फंक्शन रेंजमधला मजकूर मोजत नाही, पण अधिक चिन्हाने एकेक सेल मिळवले तर एक्सेल त्याची संख्या करून घेतं. त्यामुळे त्याच कॉलमची बेरीज एकीकडे १८ आणि दुसरीकडे २२ येते. काउंट आणि काउंटए शेजारी शेजारी लावून बघा. दोन उत्तरांत जेवढा फरक, तेवढे सेल मजकुराचे. कॉलम निवडून टेक्स्ट टू कॉलम्समध्ये जाऊन थेट फिनिश दाबलं की हे सेल सुधारतात. कोणी क्रेडिट देवनागरी आकड्यात टाइप केले असतील, तर ते संख्या म्हणून धरले गेलेत का हे इझनंबरने नक्की तपासावं.

सगळ्यात घातक चूक व्हीलुकअपची, म्हणजे कोडवरून यादीतले क्रेडिट शोधून आणणाऱ्या फंक्शनची. त्यातली चौथी जागा लिहिलीच नाही की एक्सेल ती ट्रू धरतं, म्हणजे अंदाजे जुळणी. मग कोड यादीत नसला तरी बऱ्याचदा एरर येत नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी विषयाचे क्रेडिट येऊन बसतात. यादी कोडप्रमाणे चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर यादीत असलेल्या कोडलाही चुकीचे क्रेडिट मिळू शकतात. चौथ्या जागी फॉल्स लिहा. एक्सेल २०२१ किंवा गूगल शीट्स असेल तर एक्सलुकअप घ्या, तो मुळातच अचूक जुळणी शोधतो. लॅबमधल्या जुन्या एक्सेलसाठी इंडेक्स-मॅच पुरतं. त्यात मधे नवा कॉलम घुसला तरी काही बिघडत नाही, व्हीलुकअपमध्ये मात्र कॉलमचा नंबर चुकतो. आणि इफएररने चूक आली की शून्य दाखवायची सवय सोडाच. एक विषय गायब होतो आणि बेरजेकडे बघून कोणालाच कळत नाही. त्याऐवजी ‘तपासा’ असं दाखवा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने तो सेल लाल करा.

यानंतर व्हर्टिकलनिहाय, म्हणजे विषयांच्या गटानुसार बेरीज. सेमिस्टरला २० ते २२ आणि तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट ही चौकट भरली तरी पदवीची अट पूर्ण होतेच असं नाही. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स), एसईसी (स्किल एन्हान्समेंट कोर्स), एईसी (अॅबिलिटी एन्हान्समेंट कोर्स), व्हीईसी (व्हॅल्यू एज्युकेशन कोर्स) या प्रत्येकाचा कोटा वेगळा असतो. एका ओपन इलेक्टिव्हच्या जागी जास्तीचा मेजर विषय पडला तर एकूण आकडा तोच राहतो. प्रत्येक व्हर्टिकलसाठी समइफ्स (अटीनुसार बेरीज) लावा आणि शेजारी आपल्या अभ्यासक्रमातला कोटा ठेवा. व्हर्टिकलचं नाव हाताने टाइप करू देऊ नका, डेटा व्हॅलिडेशनची ड्रॉपडाउन लावा.

वेळापत्रकाच्या टॅबमध्ये तासांचा हिशेब चुकतो. एक थिअरी क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये २ क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याला २ तास लागतात आणि २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ४. विषम सेमिस्टरमध्ये गणपती आणि दिवाळी येतात, त्यामुळे तारखा थेट सातने भागून आठवडे काढू नयेत, सुट्ट्या आधी वजा कराव्यात.

क्लॅश शोधायला नुसती सुरुवातीची वेळ जुळवून भागत नाही. प्रॅक्टिकल ११:१५ ते १:१५ आणि ओपन इलेक्टिव्हचं लेक्चर १२:१० ते १:०५, यांची सुरुवात वेगळी आहे, पण दोन्हीकडे हजर राहणं शक्य नाही. प्रत्येक ओळीसाठी काउंटइफ्सने तीन अटी तपासा: वार तोच, समोरच्याची सुरुवात आपल्या शेवटाच्या आधी, समोरच्याचा शेवट आपल्या सुरुवातीनंतर. ओळ स्वतःलाही मोजते, म्हणून उत्तर १ पेक्षा जास्त आलं तरच क्लॅश. ‘आधी’च्या जागी ‘आधी किंवा तेव्हाच’ लिहिलंत तर लागोपाठची सगळी लेक्चर्स क्लॅश दाखवतील. आणि दुपारचे १:१५ हे १३:१५ असेच टाका. नुसतं १:१५ म्हणजे एक्सेलसाठी मध्यरात्रीनंतरचा सव्वा. प्रॅक्टिकल संपण्याची वेळ सुरू होण्याच्या आधी जाते आणि वरचा क्लॅश कधीच पकडला जात नाही. प्रॅक्टिकलच्या फक्त आपल्या बॅचच्या ओळी ठेवा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या इमारतीत असेल तर शेवटाच्या वेळेत पोचायला लागणारी मिनिटं मिळवा.

केटी असलेल्यांसाठी, म्हणजे नापास विषय पुन्हा देणाऱ्यांसाठी, एक वेगळी तपासणी. तोच कोड पुन्हा दिला की क्रेडिट दोनदा मोजले जातात. पास झालेलीच ओळ मोजा आणि कोड एकदाच येतोय ना बघा. सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरचा मिळून ग्रेड पॉइंट) काढताना एसजीपीएची (एकेका सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची) सरळ सरासरी घेऊ नका. २२ क्रेडिटला ७ आणि २० क्रेडिटला ८ असेल तर उत्तर ७.५ नसून ३१४ भागिले ४२, म्हणजे ७.४८.

दुरुस्तीनंतर शीटच्या प्रतीवर मुद्दाम चुका घालून बघा: एका कोडमागे स्पेस, एक क्रेडिट मजकूर म्हणून, यादीत नसलेला एक कोड, एकमेकांवर चढणारे दोन तास. चारही ठिकाणी काही ना काही लाल झालंच पाहिजे. मग डिजिलॉकरमध्ये एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) उघडून जमा झालेले क्रेडिट आणि शीटमधले पूर्ण झालेले क्रेडिट कोडनुसार जुळवा. फरक सापडला आणि तुमच्या मार्कशीटवर तो विषय पास असेल, तर शीट बदलू नका, मार्कशीट घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात जा.