चार होते की पाच?

देवगड साइडला बँकेत पीककर्जाचं काम बघतो मी. एप्रिलमधे सकाळी सातला एका खातेदार काकांचा फोन, काय बोलतायत काहीच कळेना, शेवटी बाईक काढून त्यांच्या आंब्याच्या बागेतच गेलो.

रात्री चोर टेम्पो घेऊन आलेले. राखणीला असलेल्या नेपाळी नवरा-बायकोला मांगरात (बागेतल्या खोपटात) बांधून घातलं, मोबाईल फोडले आणि पहाटेपर्यंत रस्त्याकडची चाळीसेक कलमं (कलमी झाडं) झोडपली. झोडपलीच, कारण हापूस झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवायचा असतो, देठ तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि मग तो आंबा पेटीत जात नाही, कॅनिंगच्या म्हणजे डबाबंद रसाच्या कमी भावाने जातो. खाली फुटलेल्या आंब्यांचा सडा आणि वर मोडलेल्या फांद्या, म्हणजे पुढच्या वर्षीचा मोहोर पण गेला. चोरांच्या तरी हाताला धड काय लागलं असेल देव जाणे.

हवालदार त्या गड्याला परत परत एकच विचारत होते, चार होते की पाच? चार असले तर जबरी चोरी, पाच झाले की दरोडा, न्याय संहितेचं कलम 310. (कलमांच्या बागेत उभं राहून ही दुसरीच कलमं मोजायची!) तो म्हणाला, बॅटरीच्या उजेडात चार दिसले, पण टेम्पो चालूच होता. म्हणजे ड्रायव्हर आत. तो धरून पाच.

मग काका माझ्याकडे वळले. "साहेबांनू, विमो गावतलो मां?"

काय सांगणार, फळपीक विमा हवामानाचा. अवकाळी, वारा, तापमान, तेही महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. चोरी त्यात कुठेच नाही. "मगे पावसान लुटल्यान आसता तर बरा झाला आसता," असं म्हणून ते खाली बसून फुटके आंबे क्रेटमधे भरायला लागले. फवारण्या, खत, राखण, सगळं आमच्याच कर्जातनं झालेलं. 3 लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं, मुदत चुकली की ती सवलत गेली. हे त्यांना माहीत होतं, मी उगाच परत बोललो नाही.

संध्याकाळी परतताना आजूबाजूच्या बागांत जोरात काढणी चालू. सोळातले चौदा आणे तयार व्हायची वाट न बघता दहा-अकरा आण्याचंच फळ उतरवत होते, दर पडला तर पडला, रात्री राखायला बसणार कोण?

नेपाळी जोडपं स्टॉपवर एसटीची वाट बघत होतं. बाईने माझा मोबाईल मागितला, भावाला फोन लावायला. तोही रत्नागिरीकडे राखणीलाच आहे.