बांधाच्या दोन्ही बाजूंना

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

सकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कपाळावर राख घेतली आणि चहा घेऊन कुणग्यात, आमच्या भाताच्या तुकड्यात, गेले, तर तिथेही राखच. आमची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजणं, कालपासून सुरू झाली आहे. खाली शेण, त्यावर कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे सुका पाला आणि गवत, वरून मातीचा हलका हात, आणि आग लावायची ती वाऱ्याच्या विरुद्ध. आग धावता कामा नये, धुमसत पुढे गेली पाहिजे. शेतीखात्याचे लोक म्हणतात भाजू नका, मातीतले चांगले जीव मरतात. मी ह्यांना दर वर्षी तेच सांगते आणि दर वर्षी कवळ वाहायलाही मीच असते.

चर्चमधली राखसुद्धा वाडीतलीच. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद घेऊन आणलेली माडाची पाती वर्षभर घरच्या क्रूसामागे खोचलेली असतात. ती गोळा करून जाळतात, त्याचीच ही राख. फादर अंगठा टेकवून म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील. बाकीच्यांना त्या वेळी मरण आठवत असेल. मला तरवा आठवतो, लावणीची भातरोपं. राख पडली त्या जागी जूनमध्ये पोपटी रोपं उभी राहतात, हे लहानपणापासून पाहिलेल्या बाईला राखेची भीती कशी वाटावी?

ईस्टरआधीचा उपवासकाळ आमच्याकडे अगदी अडचणीच्या वेळी येतो. बागेत काजूची वेंगुर्ला-४ ही कलमं बोंडूंनी लालभडक झालेली, आंब्याला सुपारीएवढी कैरी धरलेली, शेजारी शिमग्याची तयारी चाललेली, आणि आम्ही दर शुक्रवारी मांस सोडणार. मासे चालतात. या किनाऱ्यावर मासे खाऊन उपवास केला म्हणणं म्हणजे देवाची थट्टाच आहे, पण नियम रोममध्ये ठरतात, बांगड्याचा भाव तिथे कोण विचारतो. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आमचा धर्मही या किनाऱ्यावर त्यांच्याच गलबतांतून उतरला. काजूला आता कोणी परका म्हणत नाही.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटेपर्यंत जागरण, त्यामुळे थोडक्यात. वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा गेली की त्यापुढचा रविवार हा ईस्टर. चंद्रावर टांगलेला सण आहे, म्हणून खाडीकाठच्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. उधाण कधी आणि भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, भरती कधी, हे त्यांना पंचांगाआधी कळतं. काल रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवला, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावली. उकाडा असा की मेणबत्त्या हातातच वाकत होत्या. उत्तरेकडच्या देशांत हा सण बर्फ वितळण्याचा, पहिल्या फुलांचा. आमच्याकडे विहिरीला तळ दिसायला लागतो तेव्हा येशू उठतो. मला हे जास्त पटतं. सगळं हिरवं होत असताना नव्या जीवनावर विश्वास ठेवायला काय लागतं?

२७ मे

पाऊस आला. वळीव नाही, खराच. एरवी केरळात १ जूनला येतो आणि आमच्याकडे त्यानंतर आठवडाभराने. यंदा केरळात २४ मे, दक्षिण कोकणात २५ आणि मुंबईत काल २६ ला. रेडिओवर कौतुकाने सांगत होते. इथे घराघरांत धावपळ. आमसुलं अर्धी वाळलेली, फणसपोळीचं ताट खळ्यात, लाकडं मांगराबाहेर म्हणजे शेतघराबाहेर, सुक्या बांगड्याची बेगमी अजून बाजारातच. १ जूनपासूनची मासेमारीबंदी राहिली बाजूला, होड्या आधीच वर ओढल्या. झाडावर राहिलेला हापूस गेल्यात जमा.

शेजारच्या आजी पडवीत बसून म्हणाल्या, "यंदा देवाकच घाय झाली."

मार्चमध्ये भाजलेल्या कुणग्यातली राख पहिल्याच रात्री ओहोळातून खाली गेली. धुळीत बी पेरायचं ते राहिलंच. वाफा करायला जमीन कोरडी हवी आणि ती आता नोव्हेंबरशिवाय कोरडी व्हायची नाही.

८ जून, पेंतेकोस्त

पवित्र आत्मा उतरल्याचा सण, म्हणून आज वेदीवर लाल रंग. पुढचे दोन-तीन रविवार सोडले की हिरवा सुरू होतो आणि आगमनकाळापर्यंत, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपर्यंत, बहुतेक तोच चालतो. उपासनेच्या वर्षातला हा लांबच लांब हिरवा पट्टा ज्यांनी आखला त्यांनी कोकण पाहिलं नव्हतं, तरी तो आमच्या पावसाळ्यावर नेमका बसतो. चर्चची दारं उघडी असली की फादरांचा पोशाख आणि मागचं शेत एकाच रंगाचं दिसतं.

प्रवचन मात्र मला बोचलं. ऋतू आपापल्या वेळी येतात, ही देवाच्या प्रेमाची खूण, असा सूर होता. ऐकताना पदर ओला, चपला चिखलाने भरलेल्या, आणि डोळ्यांसमोर वाहून गेलेली राख. वेळेवर येणं हे जर प्रेम असेल, तर यंदाचं काय समजायचं? आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, रात्रीत कलमं मुळासकट आडवी केली, तेव्हा काय समजायचं होतं? त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी रोझरी मोठ्याने म्हटली नव्हती.

रात्री बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक काढून वाचलं. पूर ओसरतो, नोहा वेदी बांधतो, आणि देव मनाशी म्हणतो की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, उन्हाळा आणि हिवाळा, दिवस आणि रात्र थांबायची नाहीत. पावसाळ्याचं नाव त्यात नाही. चाळीस दिवसांच्या पावसातून बाहेर आलेल्या माणसाला पावसाचं वचन द्यायला देवालाही संकोच वाटला असेल! पण दुसरी एक गोष्ट आज पहिल्यांदा नजरेत भरली. थांबणार नाहीत, एवढंच वचन आहे. ठरल्या तारखेला येतील असं कुठेच नाही. तारीख आम्ही घातली. मृग लागला की पाऊस पडलाच पाहिजे, हा आमचा करार. देवाची त्यावर सही नाही.

यावर ह्यांचं म्हणणं, "वचन मिळालं, तरवा मिळाला का?" उत्तर नव्हतं, दिवा मालवला.

१२ जुलै

भात भिजवून, मोड आणून चिखलात फेकलं होतं. अर्धं पावसाने एका कोपऱ्यात लोटलं, राहिलेलं पिवळं पडलं. लावणीला तरवा कमी पडणार हे गेल्याच आठवड्यात कळलं होतं.

आमच्या कुणग्याच्या वरच्या अंगाला ज्यांचं शेत आहे त्यांच्याशी आमचं बोलणं नाही. बांध हातभर कोणी सरकवला, यावरून सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेलं भांडण. मोजणी झाली, अर्ज झाले, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. त्यांची जमीन उंचावर, पाणी ठरत नाही, म्हणून त्यांचा तरवा छान झाला. परवा पहाटे ह्यांनी नांगरलेल्या कोपऱ्याकडे गेले, तर बांधावर तरव्याच्या जुड्या ओळीने मांडलेल्या. मुळांवरची माती धुतलेली, केळीच्या सोपाने बांधलेल्या. मी तिथेच उभी. पलीकडून त्या घरातली वहिनी कमरेत वाकलेली होती, मान वर न करता म्हणाली, "उरलो हा, न्हेवा. नायतर कुसतलो."

उरलेला नव्हता. त्यांचे दोन कोपरे अजून रिकामे दिसत होते.

येशूचं ते वाक्य आम्ही शाळेत असल्यापासून पाठ केलंय, की तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, आणि नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. सहलीला गेल्यावर, डोंगर पाहून म्हणायचं वाक्य, असं मला वाटायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते कुठे आहे ते पाहा. वैऱ्यांवर प्रीती करा, या आज्ञेच्या लगेच पुढे. येशू निसर्गाचं वर्णन करतच नाहीये. तुमचा बाप कसा वागतो ते पाहा आणि तसे वागा, म्हणतोय. पाऊस त्याने पुरावा म्हणून पुढे केला, आणि पुराव्याची जागा बांध. ढगाला सातबारा वाचता येत नाही.

आता यातलं कोण नीतिमान आणि कोण अनीतिमान, यावर आमच्या घरात दोन मतं नाहीत. त्यांच्या घरातही नसावीत. मला अवघड जातंय ते वेगळंच. त्या बाईने मिस्सा ऐकलेली नाही, मत्तय वाचलेला नाही. गावच्या देवळात तिचा नारळ असतो. आणि मी जे वाक्य धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांकडून घोकून घेते, ते तिने चिखलात उभं राहून करून दाखवलं. देवाचं प्रेम ऋतूंतून दिसतं म्हणतात. मला ते यंदा ऋतू चुकल्यावर दिसलं, आणि ज्या हातातून नको होतं त्याच हातातून आलं. याने मन शांत वगैरे झालं नाही. थोडी लाजच वाटली, आणि थोडा रागही, की आता यांच्याशी भांडायचं कसं.

जुड्या घेतल्या. लावल्या. बांधाचा वाद आहे तिथेच आहे.

८ सप्टेंबर, मारियेचा जन्मदिन

नोव्हेना, म्हणजे मारियेची नऊ दिवसांची प्रार्थना, आणि गणपती यंदा एकमेकांत आले. मुलं सकाळी गौरीसाठी आणि संध्याकाळी मारियेसाठी तेरडा तोडत फिरली, परडी तीच. आज हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्या वेदीवर ठेवून आशीर्वाद घेतला, घरी आणून क्रूसाला बांधल्या. वसईकडचे लोक नव्याचा हाच आनंद ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा म्हणून करतात. खीर केली होती, गूळ जास्त झाला.

आमच्या घरच्या लोंब्यांत कुठली रोपं कोणाची, हे आता सांगता येत नाही.

३१ ऑक्टोबर

पाऊस जात नाही. मेमध्ये आला तो अजून आहे. भात आडवं पडलंय, कापलेल्या पेंढ्यांना पाण्यात कोंब फुटताहेत. आठवडाभर ऊन मिळालं तर मळणी, नाहीतर गुरांना वैरण, तीही काळी.

आजच्या वाचनात नव्हतं, पण बायबलमधलं याकोबाचं पत्र आठवत राहिलं. शेतकरी पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत भूमीच्या मोलवान पिकाची धीराने वाट पाहतो, तुम्हीही धीर धरा, असं तो लिहितो. याकोबाच्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीसाठी. शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, कणसात दाणा भरायला. उन्हाळा तिथे कोरडाठाक. त्या शेतकऱ्याने ज्या शेवटच्या पावसासाठी हात जोडले, त्याच पावसासाठी मी आज नको, नको म्हणतेय. एकच प्रार्थना दोन किनाऱ्यांवर उलटी होते. पवित्र शास्त्रातली शेती उचलून आपल्या कुणग्यात लावता येत नाही, हे प्रवचन करणाऱ्यांनी एकदा पावसात उभं राहून पाहावं.

धीर मात्र तोच लागतो. वाट पाहणाऱ्याबरोबर देवही वाट पाहतो का, मला माहीत नाही. मला वाटतं पाहतो. क्रूसावर टांगलेला देव लांबून हवामान ठरवत बसला असेल, असं माझ्याने मानवत नाही. तो भिजणाऱ्यांतलाच असणार. मी रागाने बोलते तेव्हाही त्याच्याशीच बोलते, दुसऱ्या कोणाला ऐकवणार?

ह्यांनी आज न विचारता वरच्या शेतातल्या पेंढ्या आमच्या मांगरात ओढून ठेवल्या. त्यांचा मांगर गळतो. मी काही बोलले नाही, फक्त ताडपत्री काढून दिली.

२३ नोव्हेंबर, ख्रिस्त राजाचा रविवार

पुढच्या रविवारी आगमनकाळ. वर्गात गोठ्याची आखणी केली. थोडं भात हाती लागलं, त्यामुळे पेंढ्याची चिंता नाही. नाचणी भिजत घालायची, करवंट्यांत पेरायची, नाताळापर्यंत बोटभर हिरवं उगवतं, तेच गोठ्यासमोरचं शेत. मुलांना मात्र कापसाचा बर्फ हवा होता. मी सांगितलं, बर्फ नाही. बेथलेहेमात डिसेंबर म्हणजे पावसाळा, आपल्या जुलैसारखा नाही, पण पाऊस आणि गारठा.

एक मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, "मग टीचर, योसेफाच्या हातात छत्री देऊया?"

दुसरा म्हणाला, त्या काळी छत्री नव्हती, इरलं द्या. यावर जोरात भांडण झालं. शेवटी इरलं ठरलं. ते विणायला बांबूच्या काड्या आणि पानं कोण आणणार, यावर दुसरं भांडण सुरू झालं, आणि मिस्सेची घंटा वाजली.