रविवारचं डोकं

डोकं दुखतंय म्हटल्यावर घरात ठरलेला सल्ला: 'जरा पड, बरं वाटेल.' सल्ला खोटा नाही. अर्धशिशी, लहान मुलांची तर विशेषच, गाढ झोपेनं पुष्कळदा उतरते. पण कपाळाला बाम चोळून दुपारी दोन ते पाच ताणून दिली, की ती रात्रीच्या पगारातली उचल ठरते. मग साडेबाराला डोळे टक्क उघडे, झोपेचं खोबरं, आणि सकाळी डोकं पुन्हा ठणकायला हजर. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की दुखणं जुनाट झालं.

जागरणानं डोकं दुखतं हे सगळ्यांना पटतं. जास्त झोपूनही दुखतं हे रविवारी कळतं. आठवडाभर सहाला उठणारा माणूस साडेनऊला उठतो आणि कपाळ धरून बसतो. झोपेचं घड्याळ मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात असतं, अर्धशिशीतही त्याचा हात असतो, आणि वेळेतली धरसोड त्याला सोसत नाही. शिवाय सहाचा चहा लांबलेला. कॅफिन तुटल्याची डोकेदुखी शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होते. शनिवारी संध्याकाळी पाचला प्यायलेला कप रविवारी साडेनऊला साडेसोळा तासांपूर्वीचा झालेला असतो. चहा घेतल्यावर बरं वाटतं, आणि श्रेय आल्याला मिळतं!

उपाय कंटाळवाणा आहे. उठायची वेळ रोज तीच, रविवारी फार तर अर्धा तास सूट. शेवटचा चहा दुपारी. वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठायचं. जेवण झोपेच्या चार तास आधी. मालिका बघत साडेनऊला जेवणाऱ्या घरात हे अवघडच.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा गैरसमज मात्र सोडावा. घोरणाऱ्याचं डोकं उठताच दोन्ही बाजूंनी जड असेल आणि चार तासांच्या आत आपोआप उतरत असेल, तर झोपेत श्वास अडत असण्याची शक्यता असते. तिथे बाम नव्हे, झोपेची तपासणी हवी.

आणि गोळ्या मोजाव्यात. साधी पॅरासिटामॉल महिन्यातून 15 दिवस किंवा मिश्र गोळी (एकीतच दोन-तीन वेदनाशामक औषधं असलेली) 10 दिवस, असं तीन महिने चाललं, की गोळीच डोकं दुखवू लागते. ती सोडताना पहिले 2 ते 10 दिवस दुखणं उलट वाढतं, झोपही उडते आणि नेमकी तेव्हाच पुन्हा पाकिटाकडे हात जातो. म्हणून ती डॉक्टरांना विचारून, रजा टाकूनच सोडावी.